जावयाचा फोन आणि कोर्टाचा आदेश

घोडबंदर रोड, ठाणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईने फोनवर सांगितले की तुमचा जावई घरी येऊन आंब्यांची पेटी ठेवून गेला, बाबांच्या पाया पडला आणि बोलता बोलता चिनूच्या क्लासची वेळ विचारून गेला. आंब्यांचे काही नाही. पण वेळ सांगितली असेल तर ताबडतोब कळवा, म्हणजे मला क्लास बदलता येईल.

घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात आहे आणि तो चालेल तितका चालेल. माझ्या हातातला संरक्षण आदेश मात्र 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला आहे. त्यानुसार मला मारहाण करणे तर दूरच, माझ्या ऑफिसात येणे किंवा फोन, पत्र, मेसेज अशा कोणत्याही मार्गाने संपर्क साधणे यालाही त्याला मनाई आहे. हा आदेश त्याने मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणूनच तो माझ्याऐवजी तुमच्या दारात येतो.

‘संमतीने घटस्फोट देतो, आधी तेवढा आदेश मागे घ्यायला सांगा,’ हा त्याचा निरोप तुम्हाला समजूतदारपणाचा वाटला. संमतीच्या अर्जातही साधारण सहा महिने थांबावे लागते आणि त्या काळात त्याला संमती केव्हाही काढून घेता येते. तेवढे दिवस मी कशाच्या भरवशावर राहायचे? त्याने माझा गळा धरला तो संसार चालू असताना नव्हे, वकिलांची नोटीस त्याला मिळाली त्या रात्री, हे आईने तरी विसरू नये. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे बाबा म्हणतात; मानेवरचे वळ त्यांनी पाहिले नाहीत.

फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असल्याचा संकोच बाबांनी करू नये. पतीच्या नातेवाइकांच्या मालकीचे घरही सामायिक घर, म्हणजे बायकोला राहण्याचा हक्क असलेले घर, ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे, आणि मला येथून बाहेर न काढण्याचा आदेशही सोबतच झाला आहे.

यापुढे त्याचा निरोप माझ्यापर्यंत आणू नका आणि आमच्या येण्याजाण्याच्या वेळा कोणालाही सांगू नका. तो आला किंवा त्याचा फोन आला, तर वाद न घालता तारीख, वेळ आणि तो काय बोलला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या तारखेआधी वकीलबाईंना ते हवे आहे.

तुमची,
मनू