कानबाईला येणारेस का ते कळव

राजू,

फोनवर बोललं की आपलं भांडण होतं म्हणून टाईप करतेय. काल तू म्हणालास, यंदा कानबाईच्या सणाला घरी येत नाही, अण्णांना मी कोण तेच कळत नाही तर येऊन काय करू. तू ये म्हणून हे लिहीत नाहीये हं, तुझं ऑफिस, तुझी सुट्टी तुला माहीत.

फक्त मागच्या वेळचं सांगायचं राहिलं. त्यांनी विचारलं, "कोना पोऱ्या रे तू भो?" आणि तू ताट सारून गच्चीवर निघून गेलास. नंतर मला काय म्हणाले माहितीये? "मना पोऱ्या पुनाले मोठा साहेब शे, त्याले सांगसू, याले नोकरीले लाई देई तो." तुझीच शिफारस तुझ्याकडे करत होते! विसरलेले नाहीत रे तुला, समोरचा चेहरा आणि डोक्यातला राजू जुळत नाही एवढंच.

जळगावच्या डॉक्टरांनी आधी बी ट्वेल्व, थायरॉइड सगळं तपासलं, कारण त्यानेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधरतं. आपलं तसं निघालं नाही, अल्झायमरच म्हणाले. गोळीने हा बरा होत नाही, काही दिवस थोडं सावरतं फार तर. नवीन आधी जातं, जुनं बरंच टिकतं. चहा झाला का ते आठवत नाही पण भुसावळ, भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी अशी लाइनवरची स्टेशनं एका दमात म्हणतात.

दिवेलागणीला जास्त होतं. गार्डच्या ड्युटीची बॅग मागतात, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, झेंड्या कुठे ठेवल्या म्हणून सगळं कपाट उचकतात. रिटायर झालात म्हटलं की भडकतात, एकदा तर रडले. म्हणून मी म्हणते, कंट्रोलचा फोन होता, गाडी लेट आहे, चहा घ्या तोवर. मग बशीत ओतून फुंकत फुंकत पितात आणि ड्युटी विसरतात. डॉक्टरही म्हणाले वाद घालू नका, खरंखोटं करत बसू नका. शेजारच्या वहिनींना वाटतं मी नवऱ्याशी खोटं बोलते, वाटू दे.

तर तू आल्यावर "ओळखलं का" अशी परीक्षा घेऊ नको. सरळ म्हण अण्णा मी राजू, आणि शेजारी बस. म्हणजे आलास तर.

आणि बीपीची गोळी सोडलीस म्हणे, सूनबाईने सांगितलं, तिला रागावू नको. या वयातलं बीपी, शुगर, कमी ऐकू येणं, या सगळ्याने पुढे हाच धोका वाढतो आणि तू दिवसभर कानात ती बोंडं घालून एवढ्या मोठ्या आवाजात. बापाला झालं म्हणजे पोराला होणारच असं नसतं, रात्री गूगल करत बसतोस ते कळतं मला, पण गोळी तरी घे, चालायला जा, लोणचं कमी... झालं सुरू माझं. सॉरी. तू लहान नाहीस.

तुझ्या दहावीच्या निकालाला त्यांनी गाडी सुटायच्या आधी फलाटावर पेढे वाटलेले, हमाल, चहावाला, ड्रायव्हर, सगळ्यांना, झेंडी काखेत धरून. सिग्नल पडला तरी वाटतच होते. ते पेढे खाल्लेले लोक अजून भाजीबाजारात भेटले की विचारतात, गार्डसाहेबांचा मुलगा काय करतो. मी सांगते, छाती फुगवूनच सांगते.

दाराला वरची कडी बसवून घेतली, पहाटे स्टेशनकडे निघाले होते म्हणून. ताईने ज्येष्ठांसाठीचा 14567 नंबरही फ्रिजवर चिकटवलाय. पण मी आजारी पडले तर कडी कोण लावणार, हे रात्री डोक्यात येतं. असो. नोकरी सोडून ये असं म्हणत नाहीये मी, दोन दिवस म्हणतेय.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या एकेकाच्या नावाने काढताना तुझ्या नावाची मूठ मी काढणारच आहे, तू ये नाहीतर येऊ नको. भाऊबंद विचारतील, त्यांचं मी बघेन. नागपंचमीनंतरचा रविवार, सोमवारी विसर्जन, महाराष्ट्र एक्स्प्रेसला वेटिंग लागतं तर आजच बघ. आणि अण्णांसाठी चिकटपट्टीचे बूट आण, आठ नंबर, लेस बांधता येत नाही आता. काळेच आण. तपकिरी ड्युटीवर चालत नाहीत म्हणतात.

आई