मेलबर्नने दुष्काळ बादलीने काढला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र वाचलं. ऑस्ट्रेलियाने समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने उभारले आणि दुष्काळावर मात केली. पैसा असला की पाणीही मिळतं, असा त्या पत्राचा सूर होता. मी 1999 पासून मेलबर्नमध्ये राहते. तो दुष्काळ मी घर चालवत, दोन मुलांचे शाळेचे कपडे धूत काढला आहे. म्हणून हे उत्तर.

आधी सालं पाहू. तिथल्या लोकांनी ज्याला 'मिलेनियम दुष्काळ' नाव दिलं तो 1997 च्या सुमारास सुरू झाला आणि 2010 मध्ये चांगला पाऊस झाला तेव्हा संपला. 2009 च्या जूनमध्ये मेलबर्नच्या सगळ्या धरणांत मिळून जेमतेम 26 टक्के पाणी उरलं होतं. मेलबर्नसाठी वॉनथॅगीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प बांधायचं 2007 मध्ये ठरलं, आणि तो पूर्ण झाला 2012 च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे सगळ्यात वाईट दिवसांत त्या कारखान्यातून मेलबर्नला थेंबभर पाणी मिळालेलं नाही. त्याच्याकडे पाण्याची पहिली मागणी तर 2016 मध्ये नोंदवली गेली. पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थचं वेगळं आहे. तिथे धरणांत येणारं पाणी 1970 च्या दशकापासूनच आटत गेलं, 2006 मध्ये क्विनानाचा तसाच प्रकल्प सुरू झाला आणि आज ते शहर खरोखरच बऱ्याच अंशी समुद्रावर अवलंबून आहे. पण पर्थची गोष्ट मेलबर्नला चिकटवू नये.

मग मेलबर्नने ती वर्षं कशी काढली? कारखान्यांनी पाणी कमी केलं, गळक्या वाहिन्या दुरुस्त झाल्या, हे खरंच. पण फार मोठा भार घरांनी उचलला. एप्रिल 2007 मध्ये निर्बंध आणखी कडक झाले. हिरवळीला पाणी घालायला पूर्ण बंदी. बागेला आठवड्यातून दोनच ठरलेले दिवस, ठरलेल्या तासांत, तेही नळी हातात धरून. गाडी धुवायची नाही. काचा, आरसे आणि दिवे तेवढे बादलीतल्या पाण्याने पुसायचे. माझा मुलगा तेव्हा शाळेत होता. मैदानं इतकी कडक झाली होती की पडलं तर हाडं मोडतील म्हणून सामने रद्द व्हायचे. कुणाच्या अंगणात हिरवंगार गवत दिसलं की तो मला विचारायचा, "आई, यांना परवानगी आहे का?"

2008 च्या डिसेंबरमध्ये सरकारने एक आकडा दिला: माणशी दिवसाला 155 लिटर. ब्रिस्बेनचा आकडा त्याआधी 140 होता, आणि तिथे घरोघर चार मिनिटांचं वाळूचं घड्याळ पाठवलं होतं, न्हाणीत चिकटवायला. माझ्या तिथल्या मैत्रिणीने तिच्याकडचं मला दिलं. या आकड्याने जे केलं ते नुसत्या 'पाणी वाचवा'ने कधी झालं नसतं. मी कागद घेऊन बसले. आमचा जुना शॉवर मिनिटाला 20 लिटर ओतत होता. आठ मिनिटं आंघोळ म्हणजे 160 लिटर. एका आंघोळीतच माणसाचा दिवसभराचा वाटा संपून वर पाच लिटर उधारी! नवा शॉवर मिनिटाला 9 लिटरचा. चार मिनिटांत 36. जुना शॉवर नेऊन दिला की पाणी कंपन्या नवा फुकट देत असत. तो बसवायला नवऱ्याला दहा मिनिटं लागली.

बादलीची गोष्ट मात्र कुणी शिकवली नाही. तिथल्या बऱ्याच घरांत गरम पाण्याची टाकी बाहेर असते आणि न्हाणी लांब. तोटी उघडली की आधी नळातलं गार पाणी वाहून जातं. मी एक पिवळी बादली शॉवरखाली ठेवली आणि मोजलं: दर वेळी सात लिटर. चौघांचे 28. हे पिण्याइतकं स्वच्छ पाणी आम्ही आठ वर्षं मोरीत सोडत आलो होतो. ते आठवून आजही जिवाला लागतं. त्या पाण्यावर फरशी पुसली, कुंड्या जगवल्या. तिमाही बिलावर घराचा रोजचा वापर लिटरमध्ये छापलेला असतो. आमचा 870 वरून दीड वर्षात 520 वर आला. माणशी 130.

इथवर सगळं सोपं होतं. पाणी दुसऱ्यांदा वापरायला लागलो तेव्हा मात्र कळलं की त्यालाही ज्ञान लागतं, आणि पत्र लिहायचं खरं कारण हेच आहे.

धुण्याच्या यंत्राची नळी मी मागच्या अंगणात सोडली. तिथे ग्रेव्हिलियाचं, म्हणजे ऑस्ट्रेलियाचंच एक देशी, झाड होतं, घर घेतलं त्या वर्षी लावलेलं, पक्ष्यांनी सतत भरलेलं. दोन उन्हाळ्यांत त्याची पानं पिवळी पडली, टोकं जळाली. मला वाटलं, पाणी कमी पडलं. म्हणून मी आणखी धुण्याचं पाणी घातलं, आणि झाड गेलं. रोपवाटिकेतल्या माणसाने एकच प्रश्न विचारला: "कपड्यांना पावडर कोणती वापरता?" ऑस्ट्रेलियाची माती फार जुनी, फॉस्फरसने गरीब. ग्रेव्हिलिया, बँक्सिया अशा तिथल्या देशी झाडांची मुळं त्या मातीतून कणकण फॉस्फरस ओढून घ्यायला घडलेली आहेत. त्यांना साबणातून फुकटचा फॉस्फरस मिळाला की तो विष होतो. शिवाय पावडरमध्ये सोडियमचे क्षार असतात, त्यांनी माती घट्ट होते आणि पाणी आत मुरत नाही. म्हणजे झाड मी पाण्यानेच मारलं. त्यानंतर मी पातळ साबण घेऊ लागले, कारण त्यात सहसा सोडियम कमी असतं. आणि तिथे पुड्यावर 'एनपी' अशी खूण असते, म्हणजे फॉस्फरस जवळजवळ नाही, ती बघून घेऊ लागले. पहिलं साबणाचं पाणी गटारात, नंतरचं विसळण्याचं तेवढं झाडांना. नळी रोज एका जागी नाही. मधूनमधून साधं पाणी द्यायचं, म्हणजे क्षार खाली उतरतात. लिंबाचं झाड याच पाण्यावर आजही उभं आहे.

7 फेब्रुवारी 2009 ला, तिथल्या भर उन्हाळ्यात, मेलबर्नचा पारा 46.4 अंशांवर गेला. त्याच दिवशी आमच्या व्हिक्टोरिया राज्यात वणवे पेटले आणि 173 माणसं गेली. त्या दिवसाबद्दल मला जास्त लिहवत नाही. आमच्या अंगणातली पानं दुपारी चार तासांत भाजून तपकिरी झाली. जी रोपं तगली, त्यांच्या बुडाशी वाळल्या पेंढ्याचा जाड थर होता. पाणी कितीही फिरवून वापरलं तरी उघड्या मातीतून ते उडून जातं.

पावसाच्या टाकीबद्दल थोडं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर 20 मिलिमीटर पडला की आमची 2,000 लिटरची टाकी भरते. पण पहिली तीन वर्षं आम्ही ती फक्त बागेला जोडली होती. हिवाळ्यात बागेला पाणी नको असतं, टाकी भरलेलीच, आणि वरचा सगळा पाऊस ओसंडून गटारात. मग प्लंबरकडून ती संडासाच्या टाकीला जोडून घेतली. तेव्हापासून ती रोज थोडी रिकामी होते आणि मेलबर्नच्या बारमाही भुरभुर पावसाने पुन्हा भरते. टाकी तेवढीच, पण पावसाचं पाणी आमच्या कामी किती तरी पट जास्त येऊ लागलं. 2005 पासून राज्यातल्या नव्या घरांना नियमच झाला होता: पावसाच्या टाकीवर चालणारा संडास, नाही तर सौर उष्णजल यंत्र, यातलं एक हवंच. दोन बटणांचा कमोडही याच देशाने दिलेला, 1980 मध्ये कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी. तेव्हा पूर्ण फ्लशला 11 लिटर आणि अर्ध्याला साडेपाच लागत. आता साडेचार आणि तीनवर आलं आहे. तो गळतो का हे बघायचं तर टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकावेत आणि पंधरा मिनिटं थांबावं. न ओढता भांड्यात रंग उतरला की समजावं, रात्रंदिवस पाणी चाललं आहे.

आता विनंती. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुलं मेलबर्नमध्ये आहेत. दर वर्षी कितीतरी आईवडील दिवाळी उरकून तिकडे सहा महिन्यांसाठी येतात, नेमके तिथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर. मुलं कामावर गेली की घर, नातवंडं आणि अंगण त्यांच्या हाती असतं. पाणी वाया घालवू नये हे त्यांना सांगावं लागत नाही, तांदूळ धुतलेलं पाणी ती मंडळी आपणहून झाडाला घालतात आणि ते योग्यच आहे. पण शेजारच्या घरी आलेल्या एक मावशी न्हाणीचं पाणी पिंपात तीन-तीन दिवस साठवत होत्या, आणि तेच कोथिंबिरीवर शिंपत होत्या. त्यांची माया आणि कष्ट मी पाहिले होते, म्हणून सांगताना जड गेलं.

व्हिक्टोरिया राज्याच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचं सांगणं स्पष्ट आहे. न्हाण्या-धुण्याचं पाणी प्रक्रिया न करता 24 तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही, त्यात जंतू वाढतात. कच्च्या खायच्या भाजीवर ते घालायचं नाही. कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, सगळं यात आलं. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी थेट गटारात. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणीही नको, ते मातीची छिद्रं बुजवतं. पाऊस चालू असताना हे पाणी बागेत सोडायचं नाही, आणि ते वाहून शेजाऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये. मुलं खेळतात त्या गवतावर तर मी ते कधीच सोडत नाही.

आणखी एक. शहराच्या पश्चिमेकडच्या काही नव्या वसाहतींत, जिथे आपली बरीच मंडळी राहतात, अंगणात जांभळ्या रंगाची तोटी असते. ते शुद्ध केलेलं सांडपाणी. बागेला, संडासाला, गाडी धुवायला उत्तम. पिण्याला, स्वयंपाकाला नाही. नातवंड उन्हात खेळून तहानेने त्या तोटीला तोंड लावू शकतं, आणि आजीला त्या रंगाचा अर्थ माहीत नसेल तर ती अडवणार नाही.

पत्र लांबलं याची जाणीव आहे. जागा कमी असेल तर माझ्या घरच्या गोष्टी कापाव्यात, याआधीचे दोन परिच्छेद मात्र ठेवावेत, आणि जमलं तर ऑक्टोबरमध्येच छापावेत. नोव्हेंबरच्या विमानांची तिकिटं लोकांनी काढलेली असतात.

आपली,
एक वाचक, मेलबर्न