गोलच्या मागे छत्तीस मीटर

संपादक साहेब, नमस्कार,

अहमदाबादला २०३० चं कॉमनवेल्थ मिळालंय, आता नवीन स्टेडियमच्या बातम्या येत राहणार म्हणून आधीच लिहून टाकतो. स्पर्धा दहा-बारा दिवसांत उरकते, पण नंतर तिथे काय खेळणार आणि लोक बसणार कुठे ते नकाशा कागदावर असतानाच ठरवा.

मागे भाच्याला घेऊन एका ट्रॅकवाल्या स्टेडियमला फुटबॉलची मॅच बघायला गेलेलो, स्वस्त म्हणून गोलच्या मागचं तिकीट काढलं. समोर आधी लाल ट्रॅक, मग मोकळं गवत, मग कुठेतरी गोलची जाळी. पलीकडच्या टोकाला गोल झाला तर भाचा विचारतो, मामा, कुणी मारला? म्हटलं थांब, मोबाइलवर बघतो.

हिशोब सोपाय. ४०० मीटरच्या ट्रॅकच्या आतली लांबी साधारण १५७ मीटर, फुटबॉलचं मैदान १०५, म्हणजे प्रत्येक गोलमागे २६ मीटर रिकामे, वर आठ लेनचे पावणेदहा, झाले ना छत्तीस, पहिली खुर्ची त्याच्याही मागे!

मग सरकत्या खुर्च्या बसवा म्हणणारे असतातच. पॅरिसच्या स्टाद द फ्रान्समध्ये खालचा स्टँड मागे सरकतो, पण ते १९९८ ला बांधतानाच तसं केलेलं. लंडनला ऑलिंपिकनंतर स्टेडियम छोटं करायचं होतं, मग वेस्ट हॅम हा फुटबॉल क्लब तिथे येणार म्हणून बेत बदलला आणि १९ कोटी पौंडांचं काम ३२ कोटींच्या वर गेलं, शिवाय स्टँड मागे न्या, पुढे आणा, तो खर्च वेगळाच, आणि इतकं करून फॅन्स म्हणतातच की लांब बसतोय.

मँचेस्टरवाले हुशार. २००२ चं कॉमनवेल्थ संपलं की ट्रॅक काढायचा, मैदान खोदून खाली घ्यायचं, तिथे खालचा स्टँड घालायचा, हे सगळं आधीच ठरलेलं, मग मँचेस्टर सिटी हा फुटबॉल क्लब तिथे रहायला आला. ग्लासगोने २०१४ ला उलटं केलं, हॅम्पडेन हे फुटबॉलचं ग्राउंड, तिथे पुढच्या रांगा काढून जवळजवळ दोन मीटर उंच प्लॅटफॉर्मवर ट्रॅक घातला, गेम्स झाल्यावर परत काढला. मला तर हेच जास्त आवडलं.

फक्त हे वाचून कुणी आपल्याकडचे असलेले ट्रॅक उखडायला निघू नका. ट्रॅक काढणारच असाल तर शहरात दुसरा कुठे टाकणार तेही त्याच टेंडरमध्ये लिहा. माझी भाची ४०० मीटर पळते, तिच्या ग्रुपला आत्ताच सकाळी आठच्या आत ट्रॅक रिकामा करून द्यावा लागतो.

– एक वाचक, पुणे