गार्डियन व्हिसा आणि माझं मनगट

मेलबर्न, रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या इथे येण्याच्या व्हिसाचं हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा नुसते "हं, हं" करतात, आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि मूळ मुद्दा राहून जातो. म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, याची प्रिंट काढून चष्मा लावून वाचा. दादाला पाठवू नका, तो पाच मिनिटांत ग्रुपवर टाकेल.

आधी मनगटाचं. मी तीन आठवडे लपवलं, ही माझी चूक. इथल्या सिडनी रोडवर ट्रॅमचे रूळ रस्त्यातच आहेत. पावसात सायकलचं पुढचं चाक त्या खाचेत गेलं आणि मी हातावर पडले, एवढंच झालं. इथे विद्यार्थ्याला आरोग्य विमा सक्तीचा असतो, त्यामुळे खर्चाचंही फारसं काही झालं नाही. आता प्लास्टर निघालंय. पोळ्या लाटते. गोल होत नाहीत, पण त्या आधीही होत नव्हत्या.

तुम्हाला कळल्यावर आई रडली आणि बाबा दुसऱ्याच दिवशी सांगलीतल्या त्या एजंटकडे गेले, हे मला दादाकडून कळलं. "मुलगी शिकतेय ना, मग गार्डियन व्हिसा काढून देतो, दोघांचा, दोन वर्षांचा," असं तो म्हणाला म्हणे. बाबा, हा व्हिसा खरा आहे. त्याचा नंबर सबक्लास ५९०. पण तो अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्याच्या पालकासाठी आहे. शाळकरी मुलाबरोबर एका घरात राहायचं, त्याचं खाणंपिणं बघायचं, नोकरी करायची नाही, असा तो व्हिसा. अठराच्या पुढच्या मुलासाठी तो क्वचितच मिळतो, कारण खरोखरच अपवादात्मक लागतं, म्हणजे ज्याला दुसऱ्याच्या आधाराशिवाय राहताच येत नाही असा विद्यार्थी. मी बत्तीस वर्षांची आहे आणि माझं मनगट बरं झालंय. एजंट म्हणाला ना, "फ्रॅक्चरचे कागद पाठवायला सांगा, आपण नीट मांडू"? ते "नीट मांडणं" म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्याचं उघड झालं तर पुढची तीन वर्षं व्हिसा नाकारू शकतात. मग माझ्या पदवीदानालाही तुम्ही नसाल.

शेजारच्या काकूंचं ऐकून हे सुरू झालं, तर त्यांच्याबद्दलही सांगते. त्या काही खोटं बोलत नाहीत. त्यांची भाची मुलाबरोबर सिंगापूरला गेली आहे आणि तिथे तसा पास खरंच आहे. शिकणाऱ्या मुलाच्या आईला किंवा आजीला तो मिळतो. वडिलांना नाही! बाबा, हे वाचून तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. इंग्लंडमध्येही आहे, पण फी घेणाऱ्या खाजगी शाळेतल्या चार ते अकरा वर्षांच्या मुलासाठी आणि एकाच पालकाला. मूल बारा वर्षांचं झालं की संपलं. म्हणजे पोर लहान असेल तरच सरकार आईवडिलांना "सोबत" म्हणतं. पोर मोठं झालं की तुम्ही पाहुणे. माझ्या स्टुडंट व्हिसावर मला नवरा आणता आला असता, मुलं आणता आली असती, आईवडील नाही. (आई, नवऱ्याचा मुद्दा इथेच सोड.)

एजंटने दुसरा रस्ता सांगितला तो तर त्याहून वाईट: टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिथे गेल्यावर आईला इंग्रजीच्या कोर्सला घालून स्टुडंट व्हिसा करून घ्या. पूर्वी लोक असं करत. १ जुलै २०२४ पासून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला इथे राहून स्टुडंट व्हिसाचा अर्ज करताच येत नाही. बाबा, तुमच्या भाषेत सांगायचं तर एका गाडीचं रिझर्व्हेशन काढून वाटेत दुसऱ्या गाडीत चढायचं, आणि ती गाडी तर त्या थांब्यावर थांबतच नाही. शिवाय स्टुडंट व्हिसाची नुसती अर्जाची फी आता दोन हजार डॉलर आहे.

तीन-पाच वर्षं राहता येईल असा पालकांचा एक व्हिसा आहे, ८७० नंबरचा, पण त्यासाठी मूल इथलं नागरिक किंवा पीआरवालं, म्हणजे कायम राहायची परवानगी असलेलं हवं. माझ्याकडे दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक फ्रिज आहे. कायमचं राहण्याचा जो कमी खर्चाचा पालक व्हिसा आहे, त्याची रांग तीसेक वर्षांची. त्यावर अधिक लिहीत नाही.

राहिला साधा व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००. आपल्या कामाचा तोच. तीन, सहा किंवा बारा महिने मिळतात. किती द्यायचे ते अधिकारी ठरवतो. फी माणशी दोनशे डॉलरच्या आसपास, अर्ज ऑनलाइन, तो मी इथून भरेन. तुम्हाला फक्त बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जावं लागेल. आणि बाबा, पासपोर्टवर शिक्का बसत नाही, ईमेलवर पत्र येतं. "शिक्का कुठाय" म्हणून कुणाला फोन करू नका. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते, तुम्हाला अजून चार वर्षं आहेत.

अधिकाऱ्याला मुख्य बघायचं असतं ते एवढंच, की ही माणसं परत जाणार ना? घराचे कागद, एफडी, सातबारा, दादा पुण्यात असल्याचं, सगळं लावू. पण सगळ्यात चांगलं कारण तुमच्याकडे आधीच आहे. फेब्रुवारीअखेर हळद काढायला तुम्हाला शेतावर हवंच असतं. तेच लिहू. माझी परीक्षा नोव्हेंबरात संपते. दिवाळी घरी करा, नोव्हेंबरअखेर या, हळदीला परत जा.

सहा महिने का नाही, असं आई विचारेल. एक तर औषधं. बाहेरून येणाऱ्याला स्वतःची औषधं तीन महिन्यांपुरतीच आणता येतात, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीसह. पुढची इथे घ्यायची तर इथला डॉक्टर, इथलं बिल. इथली सरकारी आरोग्य योजना तुम्हाला लागू नाही आणि प्रवास विम्यात जुन्या दुखण्यांना सहसा जागा नसते. आई, शुगर आणि बीपी अर्जात लिहायचं आहे, "तेवढी काही नाही" असं म्हणायचं नाही.

दुसरं कारण लिहायला जड जातंय. बाबा, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, "इथे तरी आता काय आहे." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून तर घर भाड्याने देऊन दोन वर्षं यायचा विचार, हो ना? माझं मनगट निमित्त झालं. पण इथे मी सकाळी आठला बाहेर पडते ती रात्रीच येते. तुम्ही दोघं चार भिंतींत माझी वाट बघत बसाल आणि मी लायब्ररीत बसून तुमची काळजी करेन. सुट्टीत तसं होणार नाही. मागच्या अंगणात एक खोली आहे, वेगळ्या बाथरूमची. घरमालकीण ती महिन्याने देते. त्याला इथे खरंच "ग्रॅनी फ्लॅट" म्हणतात, आई, मी नाव नाही ठेवलेलं. जानेवारीत साडेआठनंतरही उजेड असतो. बाबांना मेरी क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठाने दोन वेळा फिरता येईल. कोपऱ्यावर लेबनानी बेकरी आहे, तिथली गरम रोटी आईला आवडेल आणि ती म्हणेल, "यात मीठ कमी आहे."

आता सामानाचं, कारण आईने मनात बॅग भरायला घेतलीच असेल. पेढे, बर्फी, खव्याचं काही नको, दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत. कढीपत्ताही नको, वाळवलेलासुद्धा नको. गोडा मसाला, मेतकूट आण, पण जे जे खायचं आहे ते विमानात देतात त्या कार्डावर "हो" म्हणून लिहायचं. लिहिलं आणि त्यांनी ठेवून घेतलं तर मसाला गेला. लिहिलं नाही आणि सापडलं तर दंड. मागे माझ्या मैत्रिणीची आई "घरचंच आहे" म्हणून गप्प राहिली होती. तिचा विमानतळावरचा फोटो अजून कुणी कुणाला दाखवत नाही.

आईचा पासपोर्ट मे महिन्यात संपतोय, तेवढं आधी बघा. आणि बाबा, एजंटला आगाऊ दिलेले दहा हजार परत मागा. पावती घेतली होती ना? ऑस्ट्रेलियात नोंदलेल्या एजंटला क्रमांक असतो, तो विचारा. क्रमांक विचारल्यावर पैसे लवकर परत मिळतात असं ऐकून आहे.

दोघांना नमस्कार.

तुमची,
मनू