विषय : १२९६ चा फिल्टर १२४७ वर आलाय आणि तुम्ही म्हणता स्क्रू फिरवा

लोकमान्य नगर, इंदूर

नमस्कार,

मागच्या महिन्यात माझ्या हॅम रेडिओसाठी तुमच्याकडून १२९६ मेगाहर्ट्झचा तीन दांड्यांचा इंटरडिजिटल फिल्टर (ठरलेली फ्रिक्वेन्सी तेवढी जाऊ देणारा, बाकीच्या अडवणारा) मागवला, ४,२०० रुपये आणि वर कुरियर. आतापर्यंत फिल्टर मी घरीच बनवायचो, पोलोग्राउंडला एक खरादवाले होते ते पितळी दांड्या करून द्यायचे, त्यांनी दुकान बंद केलं म्हणून पहिल्यांदा विकतचा घेतला तर हे असं.

नॅनोव्हीएनएवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पार जातो ते मोजायचं यंत्र) लावला, तर पीक, म्हणजे सगळ्यात जास्त सिग्नल पार होतो ती जागा, १२४७ ला. केबल बदलल्या, कॅलिब्रेशन दोनदा केलं, तरी १२४७ च. १२९६ वर १४ डीबी लॉस आहे हो, म्हणजे १० वॉट घाला, अर्धा वॉटसुद्धा बाहेर पडत नाही, बाकी बहुतेक उलटं फिरून माझ्या ॲम्प्लिफायरच्या अंगावर.

यावर तुमच्या सपोर्टचं उत्तर काय, तर "ट्यूनिंग स्क्रू फिरवून ॲडजस्ट करा". अहो, स्क्रू आत गेला की दांडीच्या टोकाशी कपॅसिटन्स वाढतो आणि फ्रिक्वेन्सी खाली जाते, वर कशी येणार? आणि १२४७ हा आकडा तीनही स्क्रू पूर्ण बाहेर काढल्यावरचा आहे! म्हणजे दांड्याच लांब कापल्यात. १२९६ ची क्वार्टर वेव्ह (पाव तरंगलांबी) जवळपास ५८ मिमी, दांडी त्याहून थोडी आखूड लागते, माझ्या हिशेबाने तुमची प्रत्येक दांडी २ मिमी जास्त आहे. पाठवायच्या आधी कोणी एकदा तरी मोजला असता तर कळलं असतं.

नुसता लॉसचाच प्रश्न नाहीये. माझा ट्रान्सव्हर्टर (फ्रिक्वेन्सी बदलणारं यंत्र) १४४ चा १२९६ करतो, त्यासाठी त्यात मिसळायचा लोकल ऑसिलेटरचा सिग्नल ११५२, आणि ते ११५२ अडवायलाच तर फिल्टर घेतला ना. पीक त्याच्याच दिशेला ५० मेगाहर्ट्झ सरकलं, त्यामुळे ११५२ अडवायचे लिस्टिंगवर लिहिलेले ४० डीबी इथे जेमतेम ३० भरतात. ९६० ते १२१५ हा विमानांच्या नेव्हिगेशनचा पट्टा, ११५२ बरोब्बर त्यात येतो, एअरपोर्ट गावातच आहे आणि काही झालं तर लायसन्स माझं जाईल, तुमचं नाही.

झाकणाला फक्त चार कोपऱ्यांत चार स्क्रू दिलेत, अंगठ्याने दाबलं की पीकवरचा लॉस अडीचवरून दीड डीबीवर येतो. म्हणून उघडून बघितलं. तर आता म्हणताय उघडलं, वॉरंटी संपली. दांड्यांना हातसुद्धा लावला नाहीये, फोटो जोडलेत, प्लॉट (मोजणीचा आलेख) पण.

मला एकतर त्याच पीसचा मोजलेला प्लॉट सोबत असलेला दुसरा फिल्टर द्या, नमुन्याचा प्लॉट चालणार नाही, नाहीतर कुरियरसकट पैसे परत करा. नाहीतर सरळ लिहून द्या की मी दांड्या कापल्या तरी तुमची हरकत नाही आणि अर्धे पैसे परत. कानस टेबलावरच आहे, पण एकदा घासलं की तुम्ही हात वर कराल म्हणून थांबलोय. शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमचा ग्राहक
(ऑर्डर नंबर सोबतच्या बिलावर आहे)