परसातले कोळी ओळखताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा फोटो मिळाला. ‘तपकिरी आहे, पोटावर ठिपके आहेत, तर हा कोणता कोळी?’ असे तू विचारले आहेस. पण रंगावरून कोळी ओळखणे म्हणजे सदऱ्यावरून माणूस ओळखणे होय. एकाच जातीतले नर आणि मादी पुष्कळदा निराळे दिसतात, आणि फुलांवर दबा धरून बसणारे काही खेकडा कोळी तर थोड्या दिवसांत पांढऱ्याचे पिवळे होतात.

तेव्हा आधी त्याने जाळे विणले आहे का, आणि विणले असल्यास कसे, ते पाहा. गाडीच्या चाकासारखे गोल जाळे, त्यात नागमोडी पांढरी पट्टी, आणि मधोमध पाय जोडीजोडीने जुळवून फुलीच्या आकारात खाली डोके करून बसलेला कोळी दिसला, तर तो बहुधा अर्जिओपी. जाळे नसेलच, तर मात्र त्याच्या डोळ्यांकडे वळावे लागते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, पण त्यांची मांडणी कुळागणिक बदलते. उडी मारणाऱ्या कोळ्याचे समोरचे मधले दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात. लांडगा कोळ्याला खालच्या ओळीत चार बारीक, त्यांच्या वर दोन टपोरे आणि त्यांच्या मागे आणखी दोन. रात्री विजेरी स्वतःच्या डोळ्यांशेजारी धरून गवतावर प्रकाश टाक. जिथे हिरवट ठिणगी चमकेल, तिथे बहुधा हाच असतो.

माझी फजिती सांगतो. परवा कुंडीमागे एक कोळी दिसला. त्याची पाठ इतकी खडबडीत, की काहीतरी दुर्मीळ सापडले या आनंदात मी वहीत तसे लिहूनही टाकले. मग गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला, तर ती पाठच फुटून चहूकडे पळू लागली! ती लांडगा कोळ्याची मादी होती आणि पाठीवर तिची पिल्ले बसलेली होती. अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला लावून हिंडणारी ही आई पुढे पिल्लांनाही पाठीवर वाहते, हे वाचून ठाऊक होते. ऐन वेळी आठवले नाही, इतकेच.

मुंग्यांच्या रांगेकडेही नीट पाहा. एखादी ‘मुंगी’ पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवत असेल आणि डिवचताच धाग्याला लोंबकळत असेल, तर ती मुंगी नव्हे.

जगात कोळ्यांच्या 50,000हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि कित्येकांची खात्री प्रौढ कोळ्याची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून पटत नाही. त्यामुळे कुळापर्यंत पोचलास तरी मी खूश आहे. तुझा फोटो पाठीकडून घेतलेला आहे; तो कोळी अजून तिथेच असेल, तर तोंडासमोरून एक फोटो घे, जाळ्याचा वेगळा घे, आणि आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेव. हातात मात्र धरू नकोस.

तुझा,
कोळीवेडा मित्र