मूलपेशींची आशा आणि आजचा इलाज

महोदय,
बाळंतपणानंतर शिंकताना-खोकताना लघवी सुटणे हे बायकांनी निमूट सोसायचे दुखणे नव्हे. प्रसूतीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, कधी हाडापासून सुटतातही. मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या मूलपेशी, म्हणजे नवा स्नायू घडवू शकणाऱ्या पेशी, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि मूत्रमार्ग आवळून धरणाऱ्या स्नायूत टोचायच्या, अशा उपचाराच्या चाचण्या वर्षानुवर्षे चालू आहेत. आशा खरी आहे. पण एका चाचणीत पेशींऐवजी नुसता द्रव टोचलेल्या बहुतेक स्त्रियांनाही आराम पडला, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. चाचणीबाहेर यासाठी पैसे मागणाऱ्यांना सरळ नकार द्यावा. तज्ज्ञाकडून शिकून निदान तीन महिने नेटाने केलेल्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने अनेकींचा त्रास कमी होतो. हा व्यायाम प्रत्येक बाळंतिणीला घरी जाण्याआधी शिकवलाच पाहिजे.

– एक वाचक